विदर्भातील सर्पालय: निवारा, ऊन आणि दिवे यांची आखणी

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या निवाऱ्यांविषयीचे बरेचसे चांगले लेखन थंड देशांत झाले आहे, त्यामुळे ते प्राण्याला ऊब कशी पुरवावी या प्रश्नापासून सुरू होते. विदर्भात हा प्रश्न वर्षातले जेमतेम तीन-चार महिने पडतो. मार्च सरताना इथली अडचण नेमकी उलटी होते. पारा ४५ अंशांच्या पुढे चढतो, चंद्रपूर, ब्रह्मपुरी आणि अकोला ही नावे देशातील सर्वांत उष्ण गावांच्या यादीत येऊ लागतात, आणि काचेच्या खोलीत ठेवलेल्या अजगराला त्या तापातून बाहेर पडायला वाट नसते. त्याहून वाईट म्हणजे, उष्णता आत कोंडणारी हीच काच हाडांच्या पोषणासाठी लागणारे किरण मात्र बाहेरच अडवते. प्राण्याच्या वाट्याला ताप येतो आणि ऊन येत नाही. ही दुहेरी चूक आराखड्याच्या कागदावरच टाळता येते, म्हणून हा लेख प्राणीसंग्रहालयांचे आणि बचाव केंद्रांचे अधिकारी, बांधकामाचे अभियंते, पशुवैद्यक आणि रोज कुलूप उघडणारे प्राणीरक्षक या सर्वांसाठी लिहिला आहे.

घरी साप ठेवणाऱ्यांसाठी तो नाही, हे आधीच स्पष्ट करतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये १९९१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर १९९२ मध्ये केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले, आणि कलम ३८-एच प्रमाणे या प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय कोणतेही प्राणीसंग्रहालय चालवता येत नाही. अजगर, घोरपड आणि मगर हे याच अधिनियमाच्या अनुसूची १ मधील, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेले प्राणी आहेत. तारा कासवाला २०१९ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीतही स्थान मिळाले आहे. शेतातून पकडलेला साप वनविभागाला कळवून योग्य अधिवासात सोडणे हेच सर्पमित्राचे काम आहे. त्याच्या घरातील बरणी किंवा पेटी हे कोणत्याही व्याख्येने प्राणीसंग्रहालय होत नाही.

पहिली पायरी: कोण राहणार, हे आधी ठरवा

अनेक ठिकाणी इमारत आधी उभी राहते आणि आत कोणता प्राणी ठेवायचा याचा विचार नंतर होतो. सारख्या आकाराच्या आठ-दहा काचेच्या खोल्या एका ओळीत बांधायच्या आणि त्यांत नाग, धामण, घोणस, मांडूळ असे एकेक सोडायचे, ही पद्धत बांधकामाला सोयीची आहे, परंतु प्राण्याला नाही. मांडूळ आयुष्याचा बहुतेक काळ मातीखाली काढते, म्हणून त्याला उंची नको, भुसभुशीत मातीचा जाड थर हवा. धामण दिवसा फिरणारी, चपळ आणि झाडावर चढणारी आहे, म्हणून तिला लांबी आणि उंची दोन्ही हवी. मण्यार रात्री बाहेर पडते आणि दिवसा तिला पूर्ण अंधाराची फट लागते. घोरपड उकरते, चढते आणि तासन्‌तास फिरते. तिच्या नखांपुढे प्लास्टर टिकत नाही आणि कोंबड्यांची जाळी तर मुळीच टिकत नाही. प्रत्येक प्रजातीसाठी एक पान लिहावे: ती केव्हा जागी असते, कुठे ऊन खाते, कुठे लपते, पाण्याशी तिचे नाते काय, आणि मोठी होऊन किती लांब होते. अभियंत्याने पेन्सिल हाती घेण्यापूर्वी ही पाने त्याच्या टेबलावर असावीत.

माझे स्पष्ट मत असे की जिल्हा पातळीवरील लहान संग्रहालयाने याच प्रदेशातील चार-पाच प्रजाती निवडाव्यात आणि त्यांना भरपूर जागा द्यावी. स्थानिक प्राण्याला स्थानिक ऊन-पाऊस मानवतो, आणि वैनगंगेच्या काठच्या शाळेतून आलेल्या मुलाला परदेशी इग्वाना दाखवण्यापेक्षा त्याच्या बांधावरची धामण ओळखू येणे अधिक मोलाचे आहे.

दुसरी पायरी: जागा आणि दिशा

नागपूरच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे २१ अंश उत्तरेला, २६ मेच्या सुमारास सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते; त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडून जातो. डिसेंबरच्या उत्तरार्धात मात्र तो दुपारीही क्षितिजापासून फक्त ४५ अंशांच्या आसपास उंचीवर असतो. या साध्या गणिताचा पूर्ण उपयोग करून घ्यावा. निवाऱ्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी आणि उघडा भाग दक्षिणेकडे घ्यावा. दक्षिणेच्या उघड्या बाजूवर एक मीटर रुंद छज्जा काढला, तर डिसेंबरच्या दुपारी तो वरच्या साधारण एकाच मीटरवर सावली टाकतो आणि खाली ऊन सरळ आत येते. मे महिन्याच्या दुपारी तोच छज्जा संपूर्ण भिंत सावलीत ठेवतो. वीज न वापरता हिवाळ्यात ऊन आत घेणारी आणि उन्हाळ्यात ते बाहेर ठेवणारी ही सर्वांत स्वस्त योजना आहे.

पश्चिमेची बाजू पूर्ण बंद आणि जाड भिंतीची असावी, कारण दुपारी तीन ते सहाचे तिरपे ऊन कोणताही छज्जा अडवत नाही. त्या भिंतीबाहेर कडुनिंब किंवा करंज लावावा. छपरासाठी उघडा पत्रा कधीही वापरू नये. तो नाइलाजाने असलाच, तर त्याखाली हवा खेळती राहील इतके अंतर सोडून तट्ट्याचे दुसरे छत द्यावे. काँक्रीटच्या गच्चीला उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा थर दिला, तर आतील तापात जाणवण्याइतका फरक पडतो. भंडारा-गोंदियाकडे अजून मिळणारी जुनी कवेलू जाड भिंतीवर घातली, तर फार चांगले छप्पर होते, मात्र त्यांच्या फटींतून साप बाहेर जाऊ नयेत म्हणून खाली बारीक जाळीचा सलग थर असलाच पाहिजे.

पायाबाबत एक गोष्ट बाहेरच्या सल्लागाराच्या लक्षात येत नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घेतला, तर दोन उन्हाळ्यांत भिंत आणि फरशी यांच्यामध्ये फट पडते, आणि नागाचे नुकते जन्मलेले पिल्लू जाण्यास बोटभर रुंद फटही पुरेशी होते. म्हणून काळी माती उकरून मुरूम भरावा, पाया कठीण थरापर्यंत न्यावा, आणि भिंतीच्या तळाशी आतून गोलाई द्यावी, जेणेकरून कोपरा स्वच्छ राहील आणि पडलेली फट लगेच दिसेल.

तिसरी पायरी: आतील जागा

प्राधिकरणाने ठरवून दिलेली प्रजातीनिहाय किमान मापे आराखड्यात असणे ही मान्यतेची अट आहे. ते किमान आहे, उद्दिष्ट नाही, हे विसरू नये. सापाच्या बाबतीत मी एक साधी कसोटी लावतो: सर्वांत मोठ्या प्राण्याला आपले पूर्ण शरीर सरळ ताणून पडता आले पाहिजे. तीन मीटरच्या अजगराला दोन मीटरची पेटी देणे म्हणजे त्याला आयुष्यभर वेटोळ्यात ठेवणे होय. साप नेहमी गुंडाळूनच बसतो, त्याला जागा कशाला, असे म्हणणाऱ्यांनी रानातला अजगर ऊन खाताना पाहावा.

क्षेत्रफळाहूनही महत्त्वाचा आहे पर्याय. सरपटणारा प्राणी स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता निर्माण करत नाही. तो जागा बदलून तापमान राखतो. म्हणून निवाऱ्याच्या एका टोकाला गरम जागा, दुसऱ्या टोकाला थंड जागा आणि मध्ये क्रमाक्रमाने उतरते तापमान असले पाहिजे, आणि लपण्याची जागा दोन्ही टोकांना असली पाहिजे. हा मुद्दा इतका महत्त्वाचा असूनही तो सर्वत्र चुकतो असे म्हटले तरी चालेल. लपायला एकच खोका थंड टोकाला ठेवला, तर भित्रा नाग ऊब सोडून तिथेच बसतो, त्याचे भक्ष्य नीट पचत नाही आणि तो खाल्लेले ओकून टाकतो. मग त्याला आजारी म्हणून औषध दिले जाते. अजगरासाठी गरम टोकाकडील हवा साधारण ३० ते ३२ अंश आणि थंड टोकाकडील २४ ते २६ अंश असावी, आणि ऊन खाण्याच्या जागेचा पृष्ठभाग त्याहून थोडा अधिक तापलेला असावा. घोरपडीला याहून कितीतरी अधिक तापलेला दगड लागतो, परंतु तिला तो सोडून जाण्याची मुभा असली पाहिजे.

रानातले प्राणी विदर्भाचा उन्हाळा सोसतात ते वारुळांत, उंदरांच्या बिळांत आणि मुळांखालच्या पोकळ्यांत. जमिनीखाली ६०-७० सेंटिमीटरवर दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक जवळजवळ पोहोचत नाही. म्हणून प्रत्येक बाह्य निवाऱ्यात जमिनीत पुरलेली खोली द्यावी: विटांची किंवा सिमेंटच्या नळ्याची, वर निदान अर्धा मीटर मातीचा थर असलेली, वाकडे प्रवेशद्वार असलेली आणि मागच्या बाजूने प्राणीरक्षकाला झाकण उघडून पाहता येईल अशी. तळ किंचित उतरता ठेवून पाण्याचा निचरा बाहेर काढावा, अन्यथा आषाढात हीच खोली विहीर होईल.

जमिनीवर सिमेंट नको. घोरपडीसाठी पोयटा, वाळू आणि मुरूम यांचे मिश्रण किमान ६० सेंटिमीटर जाड घालावे, म्हणजे उकरलेले बीळ ढासळणार नाही. नुसती काळी माती पावसाळ्यात चिकटते आणि उन्हाळ्यात दगड होते. मांडुळाला भुसभुशीत वाळूमिश्रित मातीचा २० ते ३० सेंटिमीटर थर पुरतो. लाकडी ओंडके, दगडांचे थर आणि फांद्या पक्क्या बसवाव्यात, कारण उकरणारा प्राणी दगडाखालची माती काढतो आणि दगड त्याच्याच अंगावर येतो.

मगरीच्या तळ्याचा एक भाग दीड मीटरहून खोल आणि काही भाग दिवसभर सावलीत असावा. उथळ टाक्यातले पाणी मे महिन्यात वरपासून तळापर्यंत तापते आणि तिला जाण्यासाठी थंड जागा उरत नाही. काठावर वाळूचा खोल उतार ठेवावा. मादी साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात अंडी घालते, आणि पिल्ले नर होणार की मादी हे अंड्यांभोवतीच्या तापमानावर ठरते.

चौथी पायरी: ऊन आत कसे घ्यावे

प्रकाश म्हणजे फक्त उजेड नव्हे. सूर्यप्रकाशात डोळ्यांना दिसणारा प्रकाश, उष्णता देणारे अवरक्त किरण आणि अतिनील किरण असे तीन भाग एकत्र येतात. अतिनील किरणांतील यूव्ही-बी हा भाग, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचा, त्वचेतील एका पूर्वद्रव्यापासून ड-३ जीवनसत्त्व तयार करण्याची सुरुवात करतो, आणि पुढची पायरी पूर्ण होण्यास शरीराची ऊब लागते. ड-३ नसेल तर आहारातील कॅल्शियम शोषले जात नाही, शरीर हाडांतून कॅल्शियम काढू लागते, आणि कासवाचे कवच मऊ होणे, घोरपडीचा जबडा वाकणे, पाय थरथरणे अशी लक्षणे दिसू लागतात. यूव्ही-ए हा दुसरा भाग अनेक सरड्यांना आणि कासवांना प्रत्यक्ष दिसतो. तो नसलेल्या उजेडात त्यांचे जग अर्धे रंगहीन होते.

खिडकीची साधी काच यूव्ही-बी जवळजवळ पूर्ण अडवते. पॉलिकार्बोनेटचे पत्रे आणि साधे अ‍ॅक्रिलिकही तेच करतात. म्हणजे काचेच्या छपराखाली लख्ख उजेडात बसलेले तारा कासव यूव्ही-बीच्या दृष्टीने अंधारातच असते. यावर उत्तर एकच: काही भाग खरोखर उघडा ठेवावा आणि त्यावर काच न लावता जाळी लावावी. बारीक जाळीही एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक किरण अडवू शकते, म्हणून उन्हाच्या जागेवर सुरक्षिततेला चालेल तितकी मोठ्या डोळ्याची जाळी वापरावी, आणि लहान सापांसाठी जाळीऐवजी आतून गुळगुळीत, पुरेशा उंच आणि आत झुकलेल्या भिंतींचे उघडे अंगण करावे.

शेतात वापरतात ती हिरवी जाळी इथेही उपयोगी पडते, परंतु तिचा वापर विचारपूर्वक करावा. संपूर्ण अंगण ७५ टक्के सावलीच्या जाळीने झाकले, तर किरणही त्याच प्रमाणात कमी होतात आणि निवड नाहीशी होते. एक तृतीयांश भाग उघडा, एक तृतीयांश विरळ सावलीत आणि उरलेला दाट सावलीत अशी विभागणी करावी. झाडाची सावली जाळीहून चांगली, कारण सावलीत बसलेल्या प्राण्यावरही मोकळ्या आकाशातून विखुरलेले अतिनील किरण येत राहतात आणि खालची जमीन थंड राहते.

मे महिन्यात निरभ्र दुपारी इथला अतिनील निर्देशांक, म्हणजे अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडा, ११ च्या वर जातो, आणि त्याच वेळी उघड्या वाळूचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे सहज पोहोचतो. त्या वेळी कोणताही शहाणा प्राणी बाहेर नसतो. सकाळी आठ-साडेआठला मात्र सूर्य पुरेसा वर आलेला असतो, निर्देशांक उपयोगी पातळीवर असतो आणि जमीन अजून सोसवणारी असते. म्हणून उन्हाळ्यात बाहेरच्या अंगणाचे दार प्रेक्षकांच्या वेळेनुसार न उघडता पहाटे उघडावे. कार्यालयाची वेळ दहाची असल्याने प्राणी दहाला बाहेर सोडले जात असतील, तर त्यांचे संपूर्ण उन्हाळ्याचे ऊन बुडते. हा बदल करायला निधी लागत नाही, कर्मचाऱ्यांच्या पाळीचा एक कागद लागतो.

पाचवी पायरी: दिवे

जिथे उघडे अंगण शक्य नाही, विलगीकरणाच्या खोल्यांत, आजारी प्राण्यांसाठी आणि ढगाळ पावसाळ्याच्या आठवड्यांत दिव्यांची गरज पडते. तीन वेगळी कामे एकाच दिव्याने करण्याचा मोह टाळावा. उष्णतेसाठी हॅलोजन किंवा तारेचा फ्लडलाइट घ्यावा, कारण त्याच्या उष्णतेतील लघुलहरी भाग सूर्याप्रमाणे त्वचेच्या आत पोहोचतो, तर सिरॅमिक हीटर केवळ वरचा थर तापवतो आणि म्हणून तो रात्रीच्या उबेपुरताच ठेवावा. यूव्ही-बीसाठी सरपटणाऱ्या प्राण्यांकरिताच बनवलेली लांब टी-५ (बारीक व्यासाची) फ्लुरोसंट ट्यूब अ‍ॅल्युमिनियमच्या परावर्तकासह वापरावी. उजेडासाठी सुमारे ६,५०० केल्विनचे, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखे पांढरे, न लुकलुकणारे एलईडी दिवे लावावेत. हे तिन्ही एकाच जागेवर, वरून खाली पडतील असे बसवावेत, म्हणजे ऊब घ्यायला आलेल्या प्राण्याला किरणही आपोआप मिळतील. बाजूने येणारा यूव्ही प्रकाश थेट डोळ्यांत जातो. वरून आला तर भुवईचा उंचवटा डोळ्याचे रक्षण करतो. उजळलेला पट्टा प्राण्याच्या पूर्ण अंगावर पडला पाहिजे. एकाच लहान बल्बखाली बसलेल्या मोठ्या अजगराची पाठ एका ठिकाणी भाजते आणि उरलेले शरीर थंडच राहते, आणि थंड शरीर त्याला तिथून हलू देत नाही. प्रत्येक गरम दिव्याला जाळीचे संरक्षण असावे. तापणारे कृत्रिम दगड वापरूच नयेत.

बाजारात यूव्ही या नावाने बरेच काही मिळते. पाणी शुद्ध करण्यासाठी किंवा खोली निर्जंतुक करण्यासाठी वापरतात त्या दिव्यांतून यूव्ही-सी किरण निघतात; ते प्राण्याचे आणि प्राणीरक्षकाचेही डोळे आणि त्वचा जाळतात. नोटा तपासण्याच्या किंवा कीटक पकडण्याच्या जांभळट दिव्यांत यूव्ही-बी नसतेच. खरेदीच्या प्रस्तावात नुसते ‘यूव्ही दिवा’ असे लिहिले, तर सर्वांत कमी दराच्या निविदेत यांपैकीच काहीतरी येईल, म्हणून तांत्रिक वर्णनात प्रकार, लांबी, वॅट आणि ठरावीक अंतरावरचा अपेक्षित अतिनील निर्देशांक लिहावा.

किती किरण द्यावेत, यासाठी सरपटणाऱ्या प्राण्यांचे अभ्यासक गॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली मांडलेले चार गट जगभर वापरले जातात. रानातला प्राणी दिवसभरात सरासरी किती निर्देशांकाच्या प्रकाशात वावरतो, यावर ते आधारलेले आहेत: पहिला गट सावलीत किंवा संधिप्रकाशात राहणाऱ्यांचा, शून्य ते ०.७, दुसरा अधूनमधून ऊन घेणाऱ्यांचा, ०.७ ते १.०, तिसरा उघड्यावर किंवा अंशतः सावलीत ऊन खाणाऱ्यांचा, १.० ते २.६, आणि चौथा भर उन्हात राहणाऱ्यांचा, २.६ ते ३.५. ऊन खाण्याच्या जागेवर यापेक्षा अधिक मूल्य चालते, तिसऱ्या गटासाठी सुमारे ७ पर्यंत, परंतु ते त्या जागेपुरतेच. आराखडा करताना मी घोरपड आणि तारा कासव तिसऱ्या गटात धरतो, आणि अजगर पहिल्या-दुसऱ्याच्या सीमेवर. सापांना यूव्ही लागते का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पूर्ण भक्ष्य गिळणाऱ्या सापाला ड-३ आणि कॅल्शियम भक्ष्यातूनही मिळते. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॉर्न स्नेक या सापांच्या रक्तातील ड-जीवनसत्त्वाची पातळी यूव्ही-बीमुळे वाढलेली दिसली, तर २०१३ मधील दुसऱ्या अभ्यासात बॉल पायथन या आफ्रिकी अजगरात तशी वाढ दिसली नाही. अशा स्थितीत सौम्य किरण आणि त्यांपासून दूर जाण्याची जागा, दोन्ही देणे हेच योग्य आहे.

रात्र काळोखी असावी. लाल किंवा निळे बल्ब रात्रभर लावण्याची प्रथा बंद करावी. दिवसाची लांबी ऋतूप्रमाणे बदलावी. आपल्याकडे ती डिसेंबरात सुमारे ११ तास आणि जूनमध्ये सव्वातेरा तासांच्या थोडी वर असते, आणि साधा टायमर महिन्यातून एकदा सरकवला की काम होते.

सहावी पायरी: मोजमाप

भिंतीवर माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला टांगलेला तापमापक प्राण्याबद्दल काहीही सांगत नाही. मोजमाप प्राण्याच्या पाठीच्या उंचीवर, तो जिथे बसतो तिथेच झाले पाहिजे. पृष्ठभागासाठी अवरक्त तापमापक, हवेसाठी कमाल-किमान नोंदणारा तापमापक व आर्द्रतामापक, आणि यूव्हीसाठी अतिनील निर्देशांक दाखवणारा मापक ही तीन उपकरणे पुरेशी आहेत. यूव्ही मापक महाग वाटतो, परंतु जिल्ह्यातील दोन-तीन केंद्रांनी मिळून एक घेतला तरी चालतो.

नवीन दिवा बसवल्यावर त्याखाली दर १५ सेंटिमीटरवर खाली आणि बाजूला नोंदी घेऊन कागदावर चौकटींचा नकाशा काढावा. अंतर थोडे वाढले तरी किरण झपाट्याने कमी होतात, त्यामुळे फांदी एक वीत खाली सरकली की हिशेब बदलतो. दिवा आणि प्राणी यांच्यामध्ये जाळी असेल, तर मोजमाप जाळीखाली करावे. ट्यूब डोळ्यांना पूर्वीइतकीच उजळ दिसते आणि तिच्यातील यूव्ही-बी मात्र कमी होत जाते. म्हणून दर महिन्याला एकाच ठरलेल्या जागी नोंद घ्यावी आणि मूल्य सुरुवातीच्या दोन-तृतीयांशापर्यंत उतरले की ट्यूब बदलावी. धूळ हेही एक कारण असते. कापूस वेचणीच्या दिवसांत आणि एप्रिलच्या वावटळींत परावर्तक आठवड्याला पुसावे लागतात.

सातवी पायरी: उन्हाळा, हिवाळा आणि वीज

कोरड्या उन्हाळ्यात डेझर्ट कूलर बंद खोलीसाठी अतिशय परिणामकारक आहे, आणि त्याच्या दमटपणामुळे अजगराची कात अखंड निघण्यास मदतही होते. मात्र कूलरचा झोत थेट प्राण्यावर येऊ नये, समोरच्या बाजूला हवा बाहेर जाण्यास झरोका असावा, आणि वाळ्याच्या ताट्या बुरशी येण्याआधी बदलाव्यात. मांडूळ आणि फुरसे यांच्या खोल्यांना हा दमटपणा सोसत नाही. तिथे जाड भिंत, जमिनीखालची खोली आणि रात्रीची थंड हवा आत घेणारा पंखा यांवर भर द्यावा. पहिला पाऊस पडला की कूलर निरुपयोगी होतो, तेव्हा तो बंद करून नुसता वारा खेळता ठेवावा. प्रत्येक निवाऱ्यात ओलसर काथ्याने भरलेला एक खोका ठेवला, तर मे महिन्याच्या कोरड्या हवेतही डोळ्यांवरची कात अडकत नाही.

हिवाळ्यात किमान तापमान कधी ८ अंशांच्याही खाली जाते. स्थानिक साप निरोगी असेल आणि त्याचे पोट रिकामे असेल, तर थंड रात्र त्याला सोसते. पोटात भक्ष्य असताना ती सोसत नाही, म्हणून थंडीची लाट येणार असेल तर खाणे पुढे ढकलावे. हीटर नेहमी थर्मोस्टॅटवर असावा, आणि थर्मोस्टॅट बिघडला तर हीटर चालूच राहण्याऐवजी बंद पडेल अशी रचना असावी. ग्रामीण फीडरवर व्होल्टेज कमी-जास्त होते, म्हणून दिव्यांच्या मंडळाला स्टॅबिलायझर द्यावा. भारनियमनासाठी सौर पॅनेल आणि इन्व्हर्टर घेताना सर्वांत आधी उन्हाळ्यातील पंखे व कूलर आणि मगरीच्या तळ्याचा पंप यांचा भार मोजावा. हीटर त्यानंतर, यूव्ही ट्यूब सर्वांत शेवटी, कारण ती एक दिवस बंद राहिली तरी काही बिघडत नाही.

आठवी पायरी: विषारी साप आणि प्रेक्षक

विषारी सापांच्या खोल्यांना मागून दुहेरी दरवाजे, कुलपे, आणि साप आधी सरकवून बंद करता येईल अशी पेटी हवी. एकट्या माणसाने आत जाऊ नये. आपल्याकडील बहुविध प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवरचे आहे. यांखेरीज विषारी परदेशी साप ठेवणे म्हणजे प्राणीरक्षकाचा जीव धोक्यात घालणे होय. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात प्रतिविषाचा साठा आहे का, याची खात्री दर महिन्याला करावी.

प्रेक्षकांची बाजू निवाऱ्यापेक्षा अंधारी ठेवावी. त्यामुळे काचेवर प्रतिबिंब पडत नाही आणि आतील प्राण्यालाही गर्दी कमी दिसते. काच लॅमिनेटेड असावी, तिच्यापुढे हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावर कठडा असावा, आणि तिन्ही उरलेल्या बाजू अपारदर्शक असाव्यात. दिवाळीनंतर शाळांच्या सहली सुरू झाल्या की काच वाजवणाऱ्या मुलांना रागावण्याऐवजी तिथे एक माणूस उभा करून सापाविषयी चार गोष्टी सांगाव्यात, मुले ऐकतात.

नववी पायरी: प्राणी येण्यापूर्वी

काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाला की लगेच प्राणी आणू नयेत. निवारा दिवे, पाणी आणि माती यांसह रिकामा चालवावा आणि प्रत्येक टोकाचे, प्रत्येक लपण्याच्या जागेचे तापमान रात्रंदिवस नोंदवावे; शक्य असेल तर ही चाचणी मे महिन्यात एकदा आणि डिसेंबरात एकदा घ्यावी. चाचणीत मुख्य वीज मुद्दाम दुपारी बंद करून आतील तापमान किती वेळात कुठपर्यंत चढते, हे पाहावे. जमिनीखालची खोली ३५ अंशांच्या वर गेली, तर वरचा मातीचा थर वाढवल्याशिवाय प्राणी सोडू नये. रात्री आत दिवा लावून बाहेरून पाहिले की भिंतीतील आणि दारांच्या कडांतील फटी उजेडाच्या रेषेने दिसतात. त्या सर्व बुजवाव्यात.

प्राणी आल्यावर प्रत्येक निवाऱ्याला एक वही असावी. तीत रोज सकाळी आणि दुपारी प्राणी कुठे बसला आहे, गरम टोकाला, थंड टोकाला की लपलेला, एवढे एका अक्षरात लिहावे. सोबत खाणे, कात, विष्ठा, वजन आणि दिव्याची मासिक नोंद असावी. सलग काही दिवस प्राणी थंड टोकालाच चिकटून दिसला, तर गरम टोक जास्त तापते आहे किंवा तिथे लपायला जागा नाही. सतत दिव्याखालीच दिसला, तर निवारा थंड आहे. आणि भिंतीशी नाक घासत फिरत राहिला, तर जागा अपुरी आहे किंवा आडोसा कमी आहे. वहीतील या नोंदी प्राणीरक्षक, पशुवैद्यक आणि अभियंता यांनी महिन्याअखेरीस एकत्र बसून वाचाव्यात, आणि त्या बैठकीत ठरलेला प्रत्येक बदल, मग तो फांदी एक वीत वर उचलण्याइतका लहान का असेना, तारखेसह त्याच वहीत लिहावा.